जिन्यातलं चुंबन

केन्लीने सिनेमा थांबवला. पडद्यावरच्या नायकाच्या हाताला प्लास्टर होतं.

"याचा हात कशाने मोडला? आत्ता तर धडधाकट होता."

कापायचं ते थेनने नेमकं कापलं होतं, पण प्लास्टरचं साफ विसरला होता.

हीबर गावात सोमवारची संध्याकाळ घरच्यांची. चर्चमधली बहुतेक घरं सिनेमा चाळूनच बघत. आधी खुणा करून ठेवल्या की अ‍ॅपची गाळणी शिव्या, नागडेपणा, रक्त अलगद वगळून टाकी. उन्हाळ्यात मार्लाशी लग्न झाल्यापासून हे काम थेनने आपल्याकडे घेतलं होतं. मार्लाची ही लेक त्याला तोंडावर सोवळा म्हणे आणि तो निमूट ऐकून घेई.

"चुंबन होतं ना? अहो थेन, मी आठवीत आहे!"

"तसलंच काहीतरी."

"थापा! शिव्या तर आज सगळ्या ठेवल्यात. दोन तर मला नवीन होत्या."

त्या एका प्रसंगाच्या धास्तीत बाकीचं चाळायचं राहूनच गेलं होतं. केन्लीने गाळणी बंद केली आणि सिनेमा मागे नेला.

"नको, केन्ली," तो म्हणाला. रिमोटकडे गेलेला त्याचा हात अर्ध्यावरच थांबला.

डोंगरावरून बर्फाचा कडा सुटला आणि लाल जाकिटातला नायक त्याखाली दिसेनासा झाला. तीन हिवाळ्यांपूर्वी केन्लीचे वडील असेच गेले होते. त्याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढत नसे. संपलं, थेनला वाटलं, ही पोर आता आपलं तोंड बघणार नाही. पडद्यावर माणसं फावड्यांनी बर्फ उपसत होती. शेवटी एक हात वर आला.

"हा वाचला," केन्ली म्हणाली.

"हो."

तिने बाहीने नाक पुसलं. "बाबांचं जाकीट निळं होतं."

या घरात तिने बाबांचं नाव पहिल्यांदाच काढलं होतं.

"फोटो दाखवशील कधी?" थेनने विचारलं.

"दाखवीन."

स्वयंपाकघरातला लाह्यांचा तडतडाट थांबला. केन्ली दचकली. तिने घाईघाईने गाळणी पुन्हा लावली आणि सिनेमा सुरू केला.

मार्ला मक्याच्या गोड लाह्यांचं मोठं भांडं घेऊन आली आणि उभ्यानेच पडद्याकडे बघू लागली.

"अगं बाई! याच्या हाताला काय झालं?"

थेनने केन्लीकडे पाहिलं. ती समोर बघत होती.

"जिन्यावरून पडला," ती म्हणाली.

"कुठला जिना? मी तर नाही पाहिला."

"दिसणार कसा? जिन्यात चुंबन होतं. थेनने कापलं."

मार्लाला हसू आवरेना. "धन्य आहे बाई या माणसाची!"

"नाहीतर काय," केन्ली म्हणाली. तिने आईच्या हातातलं भांडं घेतलं, थेनला कोपराने ढोसलं, "सरका जरा," आणि त्याच्या शेजारी येऊन बसली.