उजवी बाजू वर

शिवणकाम करणाऱ्या त्या बाईने सकाळपासून देवाला एकच साकडं घातलं होतं: माझी पोर हरू दे. आई असून असलं मागणं? हो, असलंच! प्रश्नमंजूषा जिंकणाऱ्याला जपानी मैत्री मंडळ वर्षभरासाठी जपानला पाठवणार होतं, आणि घरात माणसं दोनच. एक गेली की दुसरीने काय भिंतींशी बोलायचं?

तरी स्पर्धेत घालायचा पोरीचा किमोनो, तो जपानी पायघोळ झगा, तिनेच शिवला. हरायचं तर नटूनथटून हरू दे, लोकांनी नावं ठेवायला नकोत. अंगावर चढवलाही तिनेच. हयात बायकांचे कपडे शिवण्यात गेलेली. नेहमीसारखी उजवी बाजू वर, डावी आत, हात आपोआप चालले. लेक काहीतरी बोलणार होती.

"काय गं, घट्ट झालं?"

"नाही आई. मस्त झालंय."

लेकीला सगळे भिंगरी म्हणत, ते उगाच नाही. सभागृहात प्रश्न संपायच्या आत ती घंटी दाबत होती. औषधवाल्याचा मुलगाही काही कमी नव्हता; शेवटी दोघांची बरोबरी झाली. पहिल्या रांगेतल्या जपानी पाहुण्या आजींची नजर किमोनोवरून हलत नव्हती. बघा, बघा, शिलाई चोख आहे, आई मनात म्हणाली.

"शेवटचा प्रश्न," प्रश्न विचारणारे ग्रंथपाल म्हणाले. "किमोनो घालताना कोणती बाजू वर घेतात? आणि उलटा कधी घालतात?"

औषधवाल्याचा मुलगा डोकं खाजवायला लागला. भिंगरीचा हात उठला, पण घंटीकडे गेला नाही. छातीवरची उजवी बाजू झाकत तिने आईकडे बघितलं.

उत्तर आईला येत नव्हतं, पण लेकीचा चेहरा वाचता येत होता. कपडा चुकलाय हे कार्टीला सकाळपासून माहीत होतं! आईचं हसं होऊ नये म्हणून मूग गिळून बसली होती.

ग्रंथपाल घड्याळ बघायला लागले. आता नुसतं बसून राहायचं, की पोर घरातच. मागितलेलं पदरात पडत होतं आणि तिला दरदरून घाम फुटला होता.

"अगं, दाब की घंटी!" ती ताडकन उठली.

"प्रेक्षकांनी बोलायचं नाही!"

"मला कुठे उत्तर येतंय, साहेब? एवढंच सांगते, तो कपडा मी घालून दिलाय. चुकला असेल तर मी चुकले. तू का गं गप्प बसतेस?"

घंटी वाजली.

"डावी बाजू वर," भिंगरी म्हणाली. "उजवी वर घेतात ती... मेलेल्या माणसाला शेवटचे कपडे घालताना."

सगळ्या सभागृहाचे डोळे तिच्या किमोनोवर खिळले. "अगं बाई गं!" म्हणत आईने तोंडावर हात ठेवला. उत्तर बरोबर होतं. पोर जिंकली होती.

टाळ्या पडत होत्या तेव्हा आई तिला हाताला धरून पडद्यामागे घेऊन गेली. "सांगायचं नाही होय मला?"

"तू इतकी खुशीत होतीस..."

पाहुण्या आजी मागोमाग आल्या आणि त्यांनी आईने सोडलेल्या कंबरपट्ट्याचं टोक धरलं. आईने उजवी बाजू आत घेतली, डावी वर आणली, तळहाताने सपाट केली.

"तिकडे घालशील तेव्हा असाच घाल," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना.