बघायला आलेला ग्रुप

युरोपला जायचं ठरवल्यापासून दर रविवारी सकाळी एक ग्रुप मला बघायला येतो. ग्रुप चाळीसेक जणांचा असतो आणि माझा हॉल दहा बाय बाराचा आहे, म्हणून रविवारी हॉल लांब होतो. मी पोह्यांना फोडणी घातली की खिडकीकडची भिंत मागे सरकायला लागते, आणि पाहुणे दारात येईपर्यंत ती पार शेजारच्या इमारतीच्या पलीकडे गेलेली असते. संध्याकाळी ती परत येते. मी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीच्या कामाला आहे, पण घरच्या हॉलला टेप लावायचा नाही असं मी ठरवलंय. एकदा मोजलं की नोंद करावी लागते.

खरं तर मला एकटीलाच जायचं होतं. पुस्तकं आणली, नकाशे बघितले, व्हिएन्नात ट्रामचं तिकीट कुठे मिळतं तेसुद्धा शोधून ठेवलं. मग दादाला कळलं. दादा माझा मोठा भाऊ, नाशिकरोडला राहतो, आणि मी चोपन्न वर्षांची झाले तरी रस्ता ओलांडताना त्याचा हात माझ्यासमोर आडवा येतो.

"एकटी कशाला जातेस विदू?" तो म्हणाला. "पहिलीच वेळ आहे. ग्रुप बघ एखादा. खायला आपलं मिळतं, बोलायला आपली माणसं असतात. पुढच्या वेळी जा की एकटी."

त्याचं अगदीच चूक नव्हतं. परक्या विमानतळावर बॅग शोधत उभं राहायची कल्पना मलाही नकोशी वाटत होती. शेवटी आम्ही मधला मार्ग काढला. जायचं एकटीनं, पण ग्रुपबरोबर.

माझी अट एकच होती. सगळ्या टूरमध्ये मला एक तास मोकळा हवा. कुठल्याही शहरात, कुठल्याही चौकात, एखाद्या बाकावर एकटीनं बसायचं. आमच्या इंदिरानगरात मी भाजी घेऊन आले की वॉचमन विचारतो, आज मेथी नाही का मिळाली. आईच्या आजारपणात कित्येक वर्षं मी ऑफिस सोडलं तर घराबाहेर रेंगाळले नाही, आणि आता ती नसतानाही उशीर झाला की वाटेत मनातल्या मनात कारण जुळवत घरी येते. मला एक तास असा हवा होता, ज्याचा कुणाला हिशेब द्यावा लागणार नाही. बाकी किल्ले, चर्च आणि बर्फ त्यांनी दाखवला काय नि न दाखवला काय.

पहिल्या ग्रुपने मला नापसंत केलं, कारण ती सगळी जोडपी होती. त्यांनी पोहे खाल्ले, एकमेकांकडे बघितलं आणि कळवतो म्हणाले. दुसऱ्या ग्रुपातल्या एका आजोबांनी मला दारापासून खिडकीपर्यंत चालून दाखवायला सांगितलं. हॉल लांब झालेला असल्यामुळे मला परत यायला वेळ लागला. आले तेव्हा ते सगळे जिना उतरत होते. दादा फार खट्टू झाला. तीस वर्षांपूर्वीही तो याच हॉलमध्ये, दाराजवळच्या याच खुर्चीवर बसून असाच खट्टू व्हायचा. तेव्हा बघायला पाच-सहा माणसं यायची आणि हॉल दहा बाय बाराचाच राहायचा.

तिसरा ग्रुप वेळेच्या आधी आला. सगळ्यांनी एकदमच पायपुसण्याला पाय पुसले. त्यांच्या पुढे एक सडपातळ गृहस्थ होते, हातात काठीला लावलेलं लहानसं पिवळं निशाण.

"मी खांबेटे, टूर मॅनेजर," ते म्हणाले. "आमचा ग्रुप पूर्ण आहे. फक्त एक बाई एकट्या आहेत, त्यांना खोलीत जोडीदार हवी आहे. तेवढ्यासाठी आलोय."

त्यांनी निशाण मधल्या रांगेकडे कलतं केलं. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या आणि एक बाई उभ्या राहिल्या. माझ्याच वयाच्या, माझ्याच उंचीच्या. त्यांच्या पायात मी युरोपसाठी घेतले होते तसलेच सँडल होते.

"मी देवस्थळी," त्या म्हणाल्या. "तुम्ही घोरता का?"

"मला कसं कळणार?" मी म्हणाले.

दादाने माझ्याकडे डोळे वटारून बघितलं. "नाही घोरत ती," तो म्हणाला.

ग्रुपने समाधानाने मान हलवली. त्याबरोबर हॉलच्या दोन्ही बाजूच्या भिंती वीतभर आत आल्या. शोकेसमधल्या कपबशा किणकिणल्या, बाकी काही झालं नाही.

"पंखा कितीवर लागतो?"

"तीनवर."

"मला दोनवर लागतो."

"दोन चालेल तिला," दादा म्हणाला.

भिंती आणखी वीतभर आत आल्या. पुढच्या रांगेतल्या लोकांनी सवयीने गुडघे बाजूला घेतले. रात्री बाथरूमचा दिवा चालू की बंद, हे देवस्थळीबाईंनी विचारलं. मी बंद म्हणाले, त्यांना चालू लागत होता, दादा म्हणाला चालू चालेल. सकाळी आधी आंघोळीला कोण, यावर तर मला तोंड उघडायचीही संधी मिळाली नाही. मला दादाचा राग येत होता, आणि त्याच्या कपाळावरचा घाम बघून त्याची कीवही येत होती. हा ग्रुपही निघून गेला तर दोष त्याचाच, असं त्याला वाटत होतं.

मी चहा आणायला उठले. खुर्च्या आता दोन-दोनच्या जोडीने लागल्या होत्या आणि मधून एकच माणूस जाईल एवढी वाट राहिली होती. भिंतीत एकामागोमाग एक खिडक्या आल्या होत्या. मी त्या वाटेने मागे गेले, तर स्वयंपाकघराच्या दाराच्या जागी मोठी काच होती. काचेतून आमची कॉलनी दिसत होती, पाण्याच्या टाक्या, मेडिकलचं दुकान, सगळं जरा लांब. पोह्यांचा वास मात्र तसाच येत होता.

"चहा राहू द्या," खांबेटे म्हणाले. "या, बसा."

देवस्थळीबाईंच्या शेजारची जागा तेवढी रिकामी होती. मी बसले नाही. "मला एक विचारायचंय," मी म्हणाले. "मोकळा वेळ असतो का?"

दादा उगीचच खोकला.

"असतो," खांबेटे म्हणाले. "ग्रुपबरोबर."

"मला एकटीला हवाय. एक तास."

"विदू," दादा म्हणाला, "हे आत्ताच काढायला हवं का?"

"आत्ताच."

खांबेट्यांनी निशाण मांडीवर ठेवलं. ते रागावलेले दिसले नाहीत. "मागच्या टूरला एका बाईंनी घेतला होता," ते म्हणाले.

"मग?" मी विचारलं.

"काही नाही. आमचा ग्रुप पूर्णच परत येतो."

"माझ्याच खोलीत होत्या त्या," देवस्थळीबाई म्हणाल्या. "आधी फार घोरायच्या हो. त्या तासानंतर एकदाही घोरल्या नाहीत. पंखाही दोनवर चालायला लागला. पुढे इतकी छान सोबत झाली आमची."

"आणि त्यांच्या घरचे?" माझ्या मनात पाल चुकचुकली होती.

"घरच्यांची काहीच तक्रार नाही," खांबेटे म्हणाले. "उलट पत्र आलं आभाराचं."

"सुखरूप आल्या ना?" दादा म्हणाला. "मग झालं तर."

तो मनापासून सुटकेने हसला. मी त्याला काहीतरी सांगणार होते, की थांब, नीट ऐक, काय म्हणतायत ते ऐक. पण तेवढ्यात निशाण वर गेलं, खांबेटे म्हणाले "पसंत आहे", आणि मागच्या रांगेतल्या एका काकूंनी पुढे होऊन माझ्या तोंडात आख्खा पेढा कोंबला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. देवस्थळीबाईंनी माझा हात धरला. त्यांचा तळवा गार होता आणि पकड चांगली होती.

पेढा तोंडात असेपर्यंत खांबेट्यांनी सूचना सांगितल्या. हॉल आता कुठेही थांबेल, तेव्हा जागा लक्षात ठेवायची. निशाण दिसलं की निघायचं. बाहेर कुणी अंगाशी येऊन बोलायला लागलं तर पाकिटावर हात ठेवायचा आणि नो थँक्यू म्हणायचं, कारण माणसं दिसायला सज्जन असतात. भाऊंना विमानतळापर्यंत येता येईल. दादाने लगेच खिसा चाचपला.

मी पेढा गिळला. "माझा तास," मी म्हणाले.

आता विचार केला तर वाटतं, तिथेच गप्प बसले असते तर बरं. पंखा दोनवर, दिवा चालू, सगळं पार पडलं असतं आणि मी व्हिएन्ना खिडकीतून बघून आले असते. पण तो तास सोडला तर जायचं तरी कशाला, हेही मला तितकंच ठामपणे वाटत होतं. भीती वाटत होती आणि तरी मी मागत होते.

"घ्या की," खांबेटे म्हणाले. "आत्ताच घ्या. पुढे कार्यक्रम भरगच्च आहे."

त्यांनी माझ्या घराचं दार उघडलं. बाहेर जिना नव्हता. ओल्या दगडांचा चौक होता, पलीकडे एक ट्राम वळत होती, आणि मधोमध एक हिरवा बाक होता. देवस्थळीबाईंनी माझा हात सोडला. "या हं परत," त्या म्हणाल्या.

मी उतरले आणि बाकावर जाऊन बसले. हवेत कॉफीचा आणि भिजलेल्या लोकरीचा वास होता. एक माणूस कुत्रं घेऊन माझ्यासमोरून गेला आणि त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. एक बाई माझ्या शेजारी पिशवी टेकवून बुटाची नाडी बांधून गेली, तिनेही नाही. मी कारण जुळवत नव्हते. उशीर कशाने झाला, कोण भेटलं, काय आणलं, काहीच मनात येत नव्हतं. मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पुसायची घाई नव्हती. मी पाय लांब केले. पायाखालच्या दगडाला मधोमध खळगा पडला होता, तो मी बराच वेळ बघत बसले. मोजावासा वाटला नाही.

मग दारात पिवळं निशाण वर झालं.

मी लगेच उठले. तासाच्या वर मला नकोच होता, हे मी आजही शपथेवर सांगेन. चौक ओलांडून मी दाराशी आले. खांबेटे निशाणाच्या टोकाने एकेक डोकं मोजत होते. शेवटच्या डोक्याशी ते थांबले. "पूर्ण," ते म्हणाले.

"मी यायचीये अजून," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या डोक्यावरून चौकाकडे बघितलं, कुणी मागे राहिलंय का तसं, आणि आत गेले. दादा दाराजवळच्या त्याच्या खुर्चीवर होता. मी एक पाय उंबऱ्यावर ठेवला.

"दादा," मी म्हणाले.

त्याने वर बघितलं. तो हसला, अनोळखी माणसाकडे बघून हसतात तसा, आणि त्याचा हात हळूच पाकिटावर गेला. "नो, नो," तो म्हणाला. "थँक्यू."

"दादा, मी आहे. विदू."

तो जरा मागे सरकला. मग आत वळून म्हणाला, "विदू, पर्स नीट धर गं. इथे लोक अंगाशी येतात."

"धरलीये दादा," आतून माझा आवाज आला.

दादाच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. इतका निवांत मी त्याला कितीतरी वर्षांत बघितलं नव्हतं. त्याने माझा पाय उंबऱ्यावरून निघेपर्यंत वाट बघितली आणि दार लावून घेतलं. बाहेरून ते साधं दारच होतं, आमचंच, वर आईने लावलेलं तोरण. मी ठोठावलं. आत पंख्याचा मंद आवाज येत होता.

हॉल हलला. मागून ट्रामची घंटा वाजली म्हणून मला बाजूला व्हावं लागलं. चौकात बसायला दुसरी जागा नव्हती, मी बाकावर जाऊन बसले. हॉल चौकाला हळूहळू वळसा घालायला लागला. आतून खांबेट्यांचा आवाज ऐकू येत होता, आता सगळ्यांनी डावीकडे बघा, ही इथली माणसं, दिवसभर अशी निवांत बसलेली असतात. एकेका खिडकीत मोबाईल वर झाले. शेवटच्या खिडकीत देवस्थळीबाईंच्या शेजारी मी बसले होते. तिथे मी मोबाईल उभा धरला, मग आडवा केला. बाकावर मी ओढणी सारखी केली, मान जरा वर घेतली आणि फोटो निघेपर्यंत हलले नाही.