नवरदेवाची उंची

माणसाने फरशी बसवावी आणि गपचूप घरी यावं. ते सोडून भाचीच्या लग्नात स्वतःच्या हाताने काहीतरी करून द्यायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं. तेही मुलांच्या खेळण्यातल्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांचं! नवरा-नवरीचा जोडीने उभा पुतळा. ठोकळ्यावर ठोकळा खटकन बसतो, त्यात काय मोठंसं, असं वाटलं होतं. नवरीचं नाक करताना डोळ्यांपुढे काजवे चमकले. चौकोनी ठोकळ्यांतून नाक निघत नाही, खुंटी निघते.

भाची चांगली उंच आहे. घरात तिला सगळे शिडी म्हणतात. होणारा नवरा तिच्या कानापर्यंत येतो. त्या दोघांना त्याचं काही नाही, पण माझ्या ताईला, म्हणजे नवरीच्या आईला, त्याचा घोर लागला होता. उठता-बसता लेकीला एकच, "जरा वाकून उभी राहा." आणि पोर बिचारी वाकायची. मला ते बघवत नव्हतं. निदान पुतळ्यात तरी ती ताठ उभी राहणार, हे मी पक्कं केलं होतं.

पुतळ्यातले नवरा-नवरी तयार झाले आणि ताई बघायला आली.

"जावई बुटका दिसतोय."

"तो आहेच बुटका."

"म्हणून चारचौघांत मांडायचं? घाल दोन ठोकळे त्याच्या पायांत."

"ताई, अगं खोटं कशाला?"

"एवढंही करणार नाहीस माझ्यासाठी?"

झालं. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं की माझी अक्कल गहाण पडते. वर बायको आतून ओरडली, "अहो, घाला की! कशाला डोक्याला ताप?" घातले. दोघं सारखे झाले, तर ताई म्हणाली आणखी एक घाल. तोही घातला. मग म्हणे नवरीचा अंबाडा खाली घे. घेतला.

आता पुन्हा कोणी काही बदलायला सांगू नये म्हणून वैतागाच्या भरात मी प्रत्येक सांध्यात पक्का गोंद भरला. हे ठोकळे नुसते दाबले तरी धरतात, गोंद लागतच नाही. पण फरशीवाल्याचा हात, चिकटवल्याशिवाय काम संपलंसं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी भाची आली. तिने पुतळ्यातल्या नवऱ्याच्या डोक्यावर हात ठेवला, मग नवरीच्या.

"आईचं मी समजू शकते, मामा," ती म्हणाली. "पण तुलाही मी अशी चालत नाही?"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी उठलो, छिन्नी-हातोडी काढली आणि "मामा, थांब, थांब" म्हणेपर्यंत नवऱ्याच्या घोट्यावर घाव घातला. गोंद माझाच, कसला सुटतोय! घाव घोट्यावर बसला आणि पाय गुडघ्याच्या वरून तुटले. उरलेला नवरदेव मी नवरीशेजारी टेकवला, तर तो तिच्या कमरेला लागला.

नेमकी तेव्हाच ताई दारात, मागे जावई. ताईने कपाळावर हात मारून घेतला. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

जावई पुतळ्यापुढे उकिडवा बसला. "मामा, झकास झालंय. पण माझे गुडघे कुठे गेले?"

भाचीला असं हसू फुटलं की तिची पाठ आपोआप सरळ झाली. ताईचं तोंड सवयीने उघडलं, "अगं, जरा वाकून..."

"नको ना, आई," जावई मान वर करून भाचीकडे बघत म्हणाला. "ती वाकली की मला आठवतं, मी बुटका आहे. एरवी मी विसरलेला असतो."

ताईने खाली पडलेले पाय उचलले. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बघतोस काय नुसता? गुडघे लाव त्याला."