लांबशेपट्या

पाहुणीचं बोट वहीतल्या एका ओळीवर थांबलं, तेव्हा किरी कॉर्किश बॉनगच्या, म्हणजे बेटावरच्या घरगुती पावाच्या, कापांना लोणी लावत होती. तिने ते डोळ्याच्या कडेने पाहिलं आणि सुरी हातात तशीच राहिली. बोट थांबावं अशी त्या वहीत तेवढी एकच ओळ होती.

सकाळपासून सगळं छान चाललं होतं. गुनिला हेडमार्क स्टॉकहोमहून आली होती, ऑनलाइन पोकरच्या एका कंपनीतर्फे. कंपनीला आपले सर्व्हर एखाद्या भरवशाच्या बेटावर ठेवायचे होते, आणि किरीच्या मुलीने, ब्रीशाने, डग्लसमधल्या जुन्या टेलिफोन एक्स्चेंजच्या इमारतीत त्यासाठीच डेटा सेंटर उभं केलं होतं. समुद्राखालून दोन निराळ्या वाटांनी आलेल्या केबल, तळघरात दोन जनरेटर, बेटाचा स्वतःचा कायदा. ब्रीशाने सगळं फिरवून दाखवलं. ही कंपनी आली तर तिच्या पाठोपाठ आणखी दोन यायला तयार होत्या. नाही आली, तर नाताळाआधी सेंटरला कुलूप लावायचं आणि ब्रीशाने पुन्हा पलीकडे जायचं, मँचेस्टरला.

'पलीकडे', म्हणजे समुद्रापार, हा शब्द बेटावर सगळे सहज बोलून जातात. किरीला तो सहज बोलता यायचा नाही. तिचा थोरला पलीकडे गेला तो गेलाच. एके काळी पलीकडून लँकेशरचे गिरणकामगार सुट्टीला बोटी भरभरून यायचे, किनाऱ्यावरच्या लॉजांत खाटा पुरायच्या नाहीत. मग त्या लोकांना स्पेनचं ऊन सापडलं, लॉजं ओस पडली, आणि बेटाने आपलीच पोरं बोटी भरभरून पलीकडे पाठवायला सुरुवात केली. ब्रीशा एकटीच उलट्या दिशेने आली होती.

आत्ता काचेपलीकडे जिथे सर्व्हरची कपाटं गुणगुणत होती, तिथे पूर्वी चौदा मुली कानाला हेडफोन लावून बसायच्या आणि त्यांच्यावर किरीची नजर असायची. एकतीस वर्षं. एका डिसेंबरच्या वादळात छपरावरच्या फरशा उडाल्या, बोर्डावर पाणी गळायला लागलं. निम्म्या मुलींनी छत्र्या धरल्या, निम्म्यांनी फोन जोडले. पील गावच्या एका बाळंतिणीला त्या दिवशी डॉक्टर मिळाला. तेव्हा जन्मलेला तो मुलगा आता बसचा ड्रायव्हर होता आणि किरीकडून तिकिटाचे पैसे घ्यायला अजून लाजायचा.

वहीसुद्धा त्या काळातलीच रीत. सेवा एक मिनिट जरी बंद पडली तरी शाईने लिहायचं: तारीख, वेळ, कारण, सही. खोडायचं नाही, अर्धं ठेवायचं नाही. ब्रीशा म्हणाली होती की आता हे सगळं कॉम्प्युटर आपोआप नोंदतो. त्यावर किरीचं म्हणणं असं की कॉम्प्युटर लिहितो खरा, सही करत नाही. मुलीने हसून वही सुरू केली होती आणि किरीच्याच ताब्यात दिली होती. आणि आज पाहुणीने कॉम्प्युटरवरचे तक्ते भराभर वर सारून नेमकी तीच वही मागितली, तेव्हा किरीची मान आपसूक ताठ झाली होती.

"हे काय आहे?" गुनिलाने विचारलं. "ऑक्टोबर, अकरा मिनिटं बंद. कारण: लांबशेपट्या. कुठला व्हायरस का?"

जूअन किनविगने चहाचा कप खाली ठेवला. तो इथला सगळ्यात जुना तंत्रज्ञ, किरीच्या हाताखाली वायरमन म्हणून लागलेला.

"व्हायरस नाही," ब्रीशा म्हणाली. "एक प्राणी. लहानसा. त्याने केबल कुरतडली."

"कोणता प्राणी?"

मिशांचा, गोदीतल्या पोत्यांमागे आणि गटारांत राहणारा, जे मिळेल ते कुरतडणारा. त्याचं नाव बेटावर घेत नाहीत. कोळ्यांनी पाडलेली रीत. आता बँकेतले आणि शाळेतलेही पाळतात. किरीच्या बापाने एकदा हेरिंग मासळीची भरती असताना बोट अर्ध्या वाटेतून माघारी आणली होती, कारण बोटीवरच्या एका नवख्याच्या तोंडून तो शब्द निसटला होता. तेव्हा तो इथेही लिहायला नको.

"माझ्या अहवालात लांबशेपट्या लिहून चालणार नाही," गुनिला शांतपणे म्हणाली. "खार होती का?"

"खारी नाहीत बेटावर," जूअन म्हणाला. जणू त्याने मोठीच मदत केली होती.

गुनिलाने पेनाला टोपण लावलं. ती रागावलेली नव्हती, आणि तेच वाईट होतं. तीन माणसं इथे काम करतात आणि केबल कुणी खाल्ली हे तिघांनाही सांगता येत नाही. मग आणखी काय काय सांगता येत नसेल, असा विचार कंपनी करील, असं तिने सरळ बोलून दाखवलं.

ब्रीशाचे कान लाल झाले. किरीला मुलीच्या ओठांची हालचाल दिसली. ती आता तो शब्द बोलणार होती, याच इमारतीत, भर कामाच्या दिवशी. ती बोललीही असती. अडतीस वर्षांची इंजिनिअर, दोन वर्षांची मेहनत समोर मांडलेली.

"थांब," किरी म्हणाली.

तिने हात पुसले, वही स्वतःकडे ओढली, गुनिलाच्या हातातलं पेन मागून घेतलं आणि त्या ओळीशेजारच्या कोऱ्या जागेत चित्र काढायला लागली. टोकदार तोंड. गोल कान. मिशा, दोन्हीकडे तीन-तीन. पाठीचा फुगवटा. मग शेपूट. ती वाढत वाढत पानाच्या पार कडेपर्यंत गेली. खाली तिने सही केली.

गुनिलाने मान वाकडी करून पाहिलं. "अच्छा, म्हणजे," ती म्हणाली, आणि तिने तो शब्द उच्चारला. सबंध, स्पष्ट.

जूअनने उतारा म्हणून शीळ घातली. ब्रीशाचा तळवा लाकडी टेबलावर पडला. किरीने ब्रेडचा लाकडी पाट घट्ट धरला. तिघांच्याही नजरा काचेपलीकडे गेल्या.

"काय झालं? काही बंद पडलं?"

"अजून नाही," जूअन म्हणाला.

काचेपलीकडे हिरवे दिवे लुकलुकत होते. गुनिलाने ते पाहिले, मग एकेक करून तिघांचे चेहरे पाहिले. तिने वही परत आपल्याकडे ओढली.

"मग पकडला का," तिने विचारलं, आणि किंचित थांबली, "लांबशेपट्या?"

"दुसऱ्याच दिवशी," किरी म्हणाली. "मांजर आहे आमची. इथल्या जातीची, तिला मुळात शेपूटच नाही. त्यामुळे शेपूटवाल्यांवर तिचा भारी राग."

केबल आता लोखंडी नळीतून नेल्या आहेत, हे ब्रीशाने घाईघाईने जोडलं. गुनिलाने वहीच्या पानाचा फोटो काढला, बॉनगचे दोन काप खाल्ले, हसली मात्र नाही, आणि चारच्या विमानाला निघून गेली.

तीन आठवडे कंपनीकडून काही आलं नाही. ब्रीशा जेवताना बोलेनाशी झाली. किरीने एकदा तिच्या खोलीत मँचेस्टरच्या घरांच्या जाहिराती पाहिल्या आणि दार हळूच लोटून घेतलं. आपण शब्द बोलू दिला असता तर, असं तिच्या मनात यायचं. मग बाप आठवायचा, नि ती भांडी जोरजोरात घासायची.

चौथ्या आठवड्यात मंगळवारी सकाळी ब्रीशाने किरीच्या बशीशेजारी कागदांचा गठ्ठा ठेवला. बासष्ट पानं. पान उघडूनच ठेवलं होतं.

किरीने चष्मा लावला. कलम चौदा. सदर जागेत लांबशेपट्यांचा शिरकाव होऊ नये याची जबाबदारी यजमान कंपनीवर राहील. लांबशेपट्या म्हणजे काय, यासाठी परिशिष्ट तीन पाहावे.

तिने कलम पुन्हा वाचलं. मग अंगठा ओला करून शेवटाकडची पानं उलटली. परिशिष्ट तीनवर टोकदार तोंड होतं, गोल कान होते, दोन्हीकडे तीन-तीन मिशा होत्या. खाली तिची सही आणि सहीशेजारी स्टॉकहोमच्या वकिलांचा शिक्का.

किरीने शेपटीवरून बोट पानाच्या कडेपर्यंत नेलं.

"शेपटीचं टोक छापताना कापलं गेलंय," ती म्हणाली.

"असू दे ना गं आई."

"असू दे कसं? त्यांना कळव." किरीने चष्मा काढला आणि तो गठ्ठा दोन्ही हातांनी मांडीवर घेतला. "नोंद अर्धी ठेवायची नसते."