दोघांत एक टोप

डॉक्टर गोपाळकृष्णांनी फटफटीवर घालायचा टोप रावजीच्या डोक्यावर दाबून बसवला आणि हनुवटीखाली पट्टा ओढून त्याची कडी अडकवली. टोप आतून बुचाचा, वरून तपकिरी कातड्याचा होता. कानांवर कातड्याच्या पाळ्या आल्या आणि रावजीला स्वतःचाच श्वास मोठ्याने ऐकू येऊ लागला.

“अहो, तो तुमच्यासाठी आहे,” ओटीच्या पायरीवरून त्यांची बायको वासंती म्हणाली.

“माहीत आहे मला.”

“दादानं मुंबईहून मुद्दाम पाठवला. एकदा तरी घातलात का?”

डॉक्टरांनी फटफटीच्या टाकीवरची धूळ तळव्याने पुसली. “हे बघ, मी या गाडीवर बसतो ते माझ्या मर्जीनं. पडलो तर माझं मी बघेन. हा मर्जीनं बसत नाहीये. बायको अडली आहे म्हणून बसतोय. दोघांत टोप एकच. मग तू सांग, कोणी घालायचा?”

पदर खोचून वासंती आत गेली. एरवी फटफटी वळणाआड होईपर्यंत ती पायरीवर उभी राहत असे.

रावजी पहाटेच पालीपलीकडच्या वाडीतून चालत आला होता. त्याच्या बायकोला, हौसाला, आदल्या दिवसापासून कळा सुटल्या होत्या. मूल आडवे होते आणि वाडीतल्या सुईणीने हात टेकले होते. डॉक्टरांच्या दवाखान्यात सोनूबाई नर्स होती, पण हे काम तिच्या एकटीचे नव्हे असे म्हणून डॉक्टर स्वतःच निघाले. हत्यारांची बॅग त्यांनी रावजीच्या मांडीवर ठेवली. “हिला सोडू नकोस, आणि मला सोडू नकोस,” ते म्हणाले आणि त्यांनी किक मारली.

रत्नागिरी शहर मागे पडले. सड्यावरचे, उघड्या कातळमाळावरचे गवत उन्हाने पिवळे पडले होते. रावजीने एका हाताने बॅग धरली होती, दुसऱ्या हाताने डॉक्टरांचा कोट मुठीत आवळला होता. त्यांचे उघडे केस वाऱ्यावर उडत होते. वाटेत एकदा मान मागे वळवून त्यांनी काहीतरी विचारले. पाळ्यांमुळे रावजीला ते ऐकू आले नाही. तो नुसताच “व्हय, व्हय” म्हणाला.

हातखंब्याच्या पुढे उतारावर सुटी खडी होती. तिथेच एक वासरू करवंदीच्या जाळीतून अचानक रस्त्यात आले. डॉक्टरांनी गाडी वळवली. मागचे चाक खडीवरून सरकले आणि मग आभाळ, लाल माती, पुन्हा आभाळ असे काहीतरी रावजीच्या डोळ्यांसमोरून गेले. त्याचे डोके कशावर तरी जोरात आदळले. टोपात मोठा आवाज घुमला.

तो उठून बसला. ढोपरे सोलवटली होती. बाकी सगळे जागच्या जागी होते.

डॉक्टर रस्त्याकडेला पडले होते. रस्त्याखालच्या मोरीच्या कामासाठी तिथे जांभ्या दगडाचे चिरे रचून ठेवले होते आणि त्यांचे डोके त्या चिऱ्यांशी होते. डोळे अर्धवट उघडे होते. एका कानातून रक्ताची बारीक धार मानेवर उतरत होती.

“डाक्टरानू,” रावजी म्हणाला. “ओ डाक्टरानू, उटा. असां काय करताव? उटा वो.”

त्यांच्या घशातून घरघर आली, तेवढीच.

रावजीने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिले. पुढे पाली, पालीपलीकडे वाडी, वाडीत हौसा. मागे शहर. रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. त्याने बॅग उचलली आणि तो वाडीच्या दिशेने धावत सुटला. वळणापर्यंत गेला. तिथे त्याचे पाय थांबले. त्याने बॅग उघडली. आत पांढऱ्या फडक्यावर चकचकीत चिमटे, कात्र्या, बाटल्या ओळीने होत्या. त्यातली एकही वस्तू कशासाठी असते हे त्याला ठाऊक नव्हते. बॅग मिटून तो परत आला आणि डॉक्टरांच्या तोंडावर सावली पडेल असा बसला.

बऱ्याच वेळाने पेंढ्याची बैलगाडी आली. गाडीवान सखाराम शहराकडेच निघाला होता. दोघांनी मिळून डॉक्टरांना पेंढ्यावर निजवले.

“मी बैल हाकू का ह्यांचां डोकां धरू?” सखाराम म्हणाला. “तुला यायलाच व्हया.”

“माजी बायको थय मराया लागलीय रे.”

कासरा हातात घेऊन सखाराम खाली मान घालून उभा राहिला. रावजी गाडीत चढला आणि डॉक्टरांचे डोके त्याने मांडीवर घेतले.

शहरात गाडी शिरली तशी माणसे मागे चालू लागली. दवाखान्याच्या अंगणात गर्दी झाली. निजलेले डॉक्टर आणि त्यांच्या उशाशी टोप घालून बसलेला कुणबी, हे बघून कोणालाच काही उमजेना.

“टोप असता तर वाचले असते.”

“असता काय, आहे की! तो बघा, त्या कुणब्यानं घातलाय!”

“छे हो. ज्याची वेळ भरली त्याला टोप घातला काय न् नाही काय.”

“तरी म्हणत होतो, यंत्रावर बसायचं तर—”

वासंती बाहेर आली. तिच्या चेहऱ्याकडे बघून बोलणी थांबली. तिने आधी नवऱ्याच्या नाकाशी हात धरला. मग रावजीकडे पाहिले.

“काढ तो.”

रावजीने हनुवटीखाली बोटे घातली. “निघत नाय, वैनी. मगापासून बगतोय. ही कडी कशी ती मला गावत नाय.”

तो रडत होता हे तिला तेव्हा दिसले. ती पुढे झाली. कडी सोडवताना तिची नखे त्याच्या गळ्याला लागत होती, पण तो हलला नाही. टोप निघाला. त्याच्या एका अंगाचे कातडे फाटून आतला बूच फुटला होता. तिने त्या फुटक्या जागेवर अंगठा ठेवला, रावजीच्या घामाने भिजलेल्या, कुठेही न दुखावलेल्या डोक्याकडे पाहिले आणि टोप अंगणात भिरकावून दिला.

शेजारच्या गल्लीतले म्हातारे आप्पा डॉक्टर आले. त्यांनी डॉक्टरांच्या पापण्या उघडून बघितल्या, बराच वेळ नाडी धरली.

“इथं माझ्यानं काही होणार नाही, पोरी,” ते वासंतीला म्हणाले. “मिरजेच्या मोठ्या इस्पितळात न्या. वकिलांची मोटार मागा. डोकं हलू द्यायचं नाही. उलटी झाली तर लगेच कुशीवर वळवायचं, नाहीतर वाटेतच गुदमरतील. सोनूबाईला बरोबर घे. ती असली तर पोचाल.”

वकिलांची मोटार आली. बाबू ड्रायव्हरने मागची बैठक गाद्या घालून सपाट केली. डॉक्टरांच्या उशाशी सोनूबाई बसली, हाताशी त्यांचीच बॅग. कमरेशी वासंती. पाय धरायला माणूस हवा होता. रावजी न विचारता पुढे झाला आणि वासंतीने त्याला नको म्हटले नाही.

मोटार सकाळच्याच रस्त्याने निघाली. हातखंब्यापुढे कोणीतरी फटफटी कडेला उभी करून ठेवली होती. बाबूने तिकडे न बघता गाडी पुढे काढली. डॉक्टरांना एकदा उलटी झाली. सोनूबाईने झटकन त्यांना कुशीवर घेतले, तोंडात बोट घालून घसा मोकळा केला, पुन्हा मान सरळ केली. वासंती तिच्या हातांची प्रत्येक हालचाल बघत होती.

“मर्जीनं म्हणे,” ती एकाएकी बोलली. नवऱ्याशी बोलत होती, पण आवाज सगळ्यांना ऐकू आला. “तुमची मर्जी होती. माझी कुठं होती? मला कोणी विचारलं होतं?”

डॉक्टरांच्या ओठांना फेस आला होता. तो तिने पदराने टिपला.

पाली गेली. रस्ता चढू लागला. काही वेळाने वासंतीच्या लक्षात आले की डॉक्टरांचे पाय धरून बसलेला हा माणूस मान वळवून मागे बघतो आहे. दोन्ही हात मात्र जागचे हललेले नव्हते.

“तुझी वाडी कुठं आहे रे?”

रावजीने मान पुढे वळवली. “मागं ऱ्हायली, वैनी.”

“मागं?”

“मगाशी वडाजवळ वाट फुटली ना, ती.”

“मग बोलला का नाहीस?”

तो डॉक्टरांच्या पावलांकडे बघत राहिला.

“बाबू, गाडी थांबव,” वासंती म्हणाली. “मागं घे.”

“वैनी, घाट चढायचाय अजून. अंधारायच्या आत—”

“मागं घे म्हणते ना.”

मोटार वडाखाली थांबली. वासंतीने बॅग उचलून सोनूबाईच्या हातात दिली.

“उतर.”

“अगोबाई, हे काय?” सोनूबाई म्हणाली. “यांची मान कोण धरील? पुन्हा उलटी झाली तर? आणि तिथं जाऊन मी तरी काय करणार? मूल आडवं आहे, माझ्या हातचं नाही ते.”

“जेवढं येतं तेवढं कर.”

“वैनी, नको,” रावजी हात जोडून म्हणाला. “तुमी जावा. देव बगील आमचां.”

“हे सकाळी कुठं निघाले होते?” वासंतीने विचारले. मग तिने स्वतःच सोनूबाईच्या जागी सरकून नवऱ्याचे डोके मांडीवर घेतले. सोनूबाईने धरली होती तशी मान धरायचा ती प्रयत्न करत होती. “अशी ना? की आणखी वर?”

सोनूबाईने तिची बोटे नीट बसवून दिली. मग ती उतरली. मोटार निघून गेली. तिची धूळ खाली बसायच्या आत सोनूबाई आणि रावजी पायवाटेला लागले होते.

हौसा शुद्धीवर होती, पण ओरडायचे तिने केव्हाच सोडले होते. सोनूबाईने पाणी तापवायला सांगितले आणि पुरुषांना बाहेर घालवले. दिवस मावळताना ती बाहेर आली तेव्हा तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत माखलेले होते.

“बायको वाचेल,” ती म्हणाली. “मूल आधीच गेलेलं होतं. मुलगा होता.”

रावजीने त्याला जुन्या लुगड्यात गुंडाळून काजूच्या झाडाखाली पुरले.

त्यानंतर तो वेळ मिळेल तसा रस्त्यावर येऊन वडाखाली बसू लागला. मिरजेकडून येणाऱ्या गाड्यांच्या ड्रायव्हरांना विचारी. रत्नागिरीचे डॉक्टर जिवंत आहेत, एवढे एकाने सांगितले. दुसऱ्याने सांगितले, जिवंत आहेत, पण माणूस आता पहिल्यासारखा नाही.

आंब्यांना कैऱ्या धरल्या होत्या तेव्हा एका दुपारी वकिलांची मोटार घाटाकडून येताना दिसली. रावजी रस्त्यात उभा राहिला. बाबूने ब्रेक लावला. मागे वासंती होती. तिच्या शेजारी, डोक्याला पांढरी पट्टी बांधलेले, हाडे वर आलेले डॉक्टर बसले होते.

“कशी आहे बायको?” वासंतीने विचारले.

“बरी हाय.” तो थांबला. “पोर नाय वाचला.”

वासंतीने डोळे मिटले आणि उघडले. तेवढ्यात डॉक्टर पुढे वाकले. रावजीकडे त्यांनी निरखून पाहिले आणि त्यांचा चेहरा एकदम कामाला लागल्यासारखा झाला.

“अरे, तू अजून इथंच? चल, चल. बायको अडली आहे ना तुझी? बॅग कुठं आहे?”

रावजी वासंतीकडे बघू लागला.

“आता पडले तोच एक दिवस उरलाय त्यांच्याकडे,” ती हळू म्हणाली. “सकाळी उठले की तिथूनच सुरू होतो. रोज विचारतात, पोचलो का. मी म्हणते, आत्ताच तर निघालोय.”

डॉक्टर दार उघडायला धडपडत होते. त्यांना कडी सापडत नव्हती. रावजीने बाहेरून दार उघडले आणि त्यांचा हात खांद्यावर घेतला. पायवाटेने ते थांबत थांबत चालले. वासंती मागून आली. वाटेत डॉक्टर दोनदा म्हणाले, “उशीर नको व्हायला.”

हौसा पडवीत बसली होती. परके माणूस बघून तिने डोक्यावर पदर घेतला आणि उठायला लागली.

“डाक्टर हायत,” रावजी म्हणाला.

डॉक्टर तिच्यासमोर खाली बसले. त्यांनी तिचे मनगट हातात घेतले. बोटे बरोबर जागेवर पडली. डोळे मिटून ते बराच वेळ नाडी मोजत राहिले, आणि तेवढा वेळ ते पूर्वीसारखे दिसले.

“छान,” ते म्हणाले. “आता भीती नाही. मूल कुठं आहे?”

हौसाने नवऱ्याकडे पाहिले, मग त्या पांढऱ्या पट्टीकडे. मग दाराशी उभ्या असलेल्या वासंतीकडे.

“निजलांय, डाक्टरानू,” हौसा म्हणाली.

“निजू दे. उठवू नका.” त्यांनी मान वळवली. “बघितलंस, वासंती? पोचलो की नाही वेळेवर?”

“हो,” वासंती म्हणाली. ती आत आली आणि सारवलेल्या जमिनीवर हौसाच्या शेजारी, तिला लागून बसली.