सव्वीस निऱ्या

"मशीनमध्ये टाकलास? मम, यू डिडंट!"

मुक्ताचा आवाज ऐकून मी पुस्तक मिटलं आणि स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. पुढे जावं की नाही हे मला चटकन ठरवता येत नाही, लेकीच्या घरातही नाही.

निहारिकाच्या हातात नातीचा किल्ट होता. इथल्या पाइप बँडमधली मुलंमुली घालतात तो, केशरी लोकरीचा, मागे घट्ट चुण्या असलेला. बँडने वापरायला दिलेला. उद्या सेंट पॅट्रिकचा दिवस. आयर्लंडमधल्या या स्लायगो गावाच्या मिरवणुकीत मुक्ता पहिल्यांदाच ड्रम वाजवणार होती.

"अगं, युनिफॉर्म म्हणून टाकला. थंड पाण्यातच टाकला. हा धुवायचाच नसतो हे मला काय माहीत?" निहारिका म्हणाली.

किल्ट आटला नव्हता. पण कमरेखाली चुण्या उमलून गोधडीसारख्या लोंबत होत्या. निहारिकाने इस्त्री फिरवून पाहिली, तर एक चुणी सरळ आणि दुसरी वाकडी. ड्रायक्लीनर सुट्टीनंतरच देतो म्हणाला.

"मिस्टर ओहारा विल लीव्ह मी ऑन द फुटपाथ," मुक्ता तिच्या बँडमास्तरांबद्दल म्हणाली. "बीट चुकलं तर चालतं त्यांना. नॉट द किल्ट."

मला ते काम येत होतं. ही गोष्ट घरात कोणाला माहीत नव्हती, आणि होऊ देणार नाही असं मी कबूल केलं होतं.

माझ्या बायकोचा, सुरेखाचा, उजवा हात अर्धांगाच्या झटक्यानंतर लुळा पडला. "गाऊनमध्ये मी कोणासमोर येणार नाही," ती म्हणाली. तेव्हापासून सहा वर्षं, ती जाईपर्यंत, रोज सकाळी दार लावून मी तिच्या निऱ्या घातल्या. मी ग्रंथालयातला कारकून; पुस्तकांना पुठ्ठे घालण्यापलीकडे हाताला काही येत नव्हतं. पहिल्या दिवशी सगळ्या निऱ्या सुटून पायाशी पडल्या आणि ती आजारपणानंतर प्रथमच हसली. मग म्हणाली, "कोणाला सांगायचं नाही हं." येणारेजाणारे विचारायचे, एका हाताने इतकी चापूनचोपून कशी नेसता हो? माझ्याकडे न बघता ती म्हणायची, "सवय."

आईची ही जिद्द निहारिका अजून लोकांना सांगते. सांगताना तिचा चेहरा उजळतो.

मी दारातच उभा होतो. मुक्ता रडत नव्हती. किल्टच्या पट्ट्यावर आतून तिच्याआधीच्या तीन मुलींची नावं शिवली होती आणि खाली तिचं. त्या नावांवरून ती बोट फिरवत होती.

"दे इकडे," मी म्हणालो.

"बाबा, तुम्ही राहू द्या. तुम्ही कधी इस्त्री तरी..."

"पांढरा दोरा आण. आणि एक ओला पंचा."

किल्ट टेबलावर पसरला. चुण्या वर कमरेशी शिवलेल्याच होत्या. तिथून बोट खाली नेलं की घडी आपोआप सापडत होती. एकेक धरायची, दोऱ्याने टाचायची, पंचा ठेवायचा. इस्त्री ओढायची नाही, नुसती टेकवायची. एकूण सव्वीस निघाल्या.

"व्हेअर डिड यू लर्न दॅट, आजोबा?"

"वाचलं असेल कुठंतरी."

मुक्ताला ते पटलं. मी काहीही कुठंतरी वाचलेलं असतं.

घालून बघायला ती उभी राहिली. मी गुडघ्यांवर बसलो, खालून चुण्या हलकेच ओढल्या, वरून तळहात फिरवला. मग उजवा हात पिनेसाठी मागे केला आणि तोंडातून निघून गेलं, "श्वास आत घे. सोडू नकोस अजून."

किल्टला पीन लागत नव्हती. मला ते उशिरा कळलं.

मुक्ता आरशाकडे पळाल्यावर निहारिका हळूच म्हणाली, "बाबा, म्हणून आईच्या खोलीचं दार लावलेलं असायचं?"

मी पंच्याची घडी करत राहिलो. घडी नीट जमेना. तिने तो माझ्या हातातून घेतला आणि माझ्याशेजारी जमिनीवर बसली.

दुसऱ्या दिवशी वारा होता. बँड वळणावरून आला. केशरी रांगेत मुक्ता दुसरी. पाऊल पडलं की सव्वीस चुण्या एकदम उघडायच्या आणि एकदम मिटायच्या.

"तुमच्या पोरीचा किल्ट सगळ्यांत झकास," शेजारची मॉरीन इंग्रजीत म्हणाली. "कोणी केला गं?"

निहारिकाने माझ्याकडे पाहिलं नाही.

"सवय आहे आमच्याकडे," ती म्हणाली.

सकाळी उसवलेला पांढरा दोरा माझ्या कोटाच्या खिशात होता. ड्रमचा आवाज दूर जाईपर्यंत मी तो बोटाला गुंडाळत राहिलो.