सोमवारची चव

मी एक जुना तवा आहे. पण मित्रांनो, जुना म्हटलं म्हणून लगेच तोंड वाकडं करू नका हं! बिडाचा आहे मी, बिडाचा! मंजुळामावशीने मला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ठोकून, वाजवून, दोनदा परत ठेवून मग घेतलं. पार्से गावात तिच्या चुलीवर मी तांदळाच्या भाकऱ्या भाजल्या. आणि माझा मान काय सांगू! मी शिवराक तवा. म्हणजे माझ्यावर मासळी नाही, अंडं नाही, काही नाही. सोमवारची भाकरी, सणाची भाकरी, ती फक्त माझ्यावर. मासळीचा तवा वेगळा. तो चुलीमागे पालथा पडलेला असायचा आणि मी वर खुंटीवर. मी त्याच्याकडे बघायचोसुद्धा नाही.

मग घरात गॅस आला. गॅसबरोबर एक काळा, चकचकीत, काही न चिकटणारा तवा आला आणि मी गेलो माळ्यावर. तिथे काय तर अंधार, गणपतीवर बांधायच्या माटोळीच्या जुन्या काठ्या आणि एक पाल. ती पाल माझ्यावर अंडी घालून गेली. शिवराक तव्यावर! सांगा, कोणाकडे तक्रार करायची?

पण ऐका ना पुढे! मावशीचा मुलगा दत्ताराम जहाजावरच्या स्वयंपाकघरात कामाला होता. तिथे तो मेक्सिकन जेवण शिकला आणि परत येऊन त्याने मांद्र्याला मेक्सिकन हॉटेल काढलं. मक्याच्या भाकऱ्या, त्यांना तो टॉर्टिया म्हणतो, त्या नव्या तव्यांवर त्याला जमेनात. म्हणून तो आईकडे मला मागायला आला.

"घेवन जा," मावशी म्हणाली. "पण मासळी लागली तर त्याच दिसा तवो परत माळ्यार. आयकलंस मरे?"

"आयकलंय गे आई."

काय दिवस होते ते! रोज गर्दी, रोज वाहवा. गोरे लोकसुद्धा माझा फोटो काढायचे. आणि मग आला तो रविवार. त्या दिवशी पार्सेच्या बायकांच्या फुगडी मंडळाला पहिलं बक्षीस मिळालं आणि ठरलं, उद्या जेवण आपल्या दत्तारामाच्या हॉटेलात! सोमवार म्हणजे सगळ्यांचं शिवराक, म्हणून राजम्याच्या टॉर्टिया. इथवर सगळं छान. पण त्याच रात्री गिऱ्हाईक मावेना आणि हॉटेलातल्या मासळीच्या तव्याचा दांडाच निखळला. दत्तारामाने इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि माझ्यावर टाकला की हो बांगडा! "एकच रे बाबा," मला म्हणाला. "कोणाक कळतलां?"

मग राखेने घासलं, लिंबाने घासलं, मिठाने घासलं. पण मित्रांनो, बांगडा जातो, वास राहतो. कडेला दडून बसतो मेला.

सोमवारी दुपारी अख्खं मंडळ आलं, मंजुळामावशीसकट, एकसारख्या हिरव्या साड्या नेसून. मंडळाच्या म्होरक्या शांतामावशी. त्यांनी पहिली टॉर्टिया उचलून उजेडाकडे धरली.

"गो मंजुळा, ही तर भाकरी! आणि आत उसळ! भाकरी-उसळ खावक मिनीबस केली आमी?"

"खावन तरी बघ, मावशे," दत्ताराम म्हणाला.

शांतामावशींनी घास घेतला. चावता चावता थांबल्या. मी खाली आग असूनही गार पडलो. माळा दिसला मला, पाल दिसली!

"गो बायांनो," त्या म्हणाल्या, "सोमवारचां शिवराक, आणि एवढी चव? दत्तारामा, कसलो मसालो घातलंस मरे?"

"तो... मेक्सिकोचो आसा, मावशे."

सगळ्या तुटून पडल्या. फक्त मंजुळामावशीने खाल्लं नव्हतं. तिचं नाक म्हणजे काय नाक! रस्त्यावरून चालता चालता कोणाच्या घरी कसली कढी ते सांगते. तिने टॉर्टिया नाकाशी नेली, मुलाकडे बघितलं आणि सरळ आत आली.

"बांगडो?"

"एकच, आई. काल."

"एक काय, शेपटी लागली तरी बांगडोच!" असं म्हणून तिने मला फडक्याने उचलून खाली ठेवलं. "पुढच्यो भाकऱ्यो दुसऱ्या तव्यार भाज. आणि ह्याका मी घरी व्हरतलंय."

संपलो, म्हटलं. नव्या तव्यावरच्या टॉर्टिया बाहेर गेल्या आणि लगेच शांतामावशी ओरडल्या, "ही चव ती नाय! गो मंजुळा, तवो बदललात काय? पयलोच तवो लाव!" मग सगळ्याच ओरडायला लागल्या, अगदी फुगडीच्या ठेक्यात, "पयलोच तवो! पयलोच तवो!"

आता मंजुळामावशी करणार काय? खरं सांगावं तर अख्ख्या मंडळाचा सोमवार मोडला. ती दारात उभी राहिली, पदर खोचला आणि म्हणाली, "आज इतक्यार पुरे. ती चव बुधवारी मेळतली. सगळ्यांनी येवा."

बुधवारपर्यंत मला झोप नाही. शेवटचंच जेवण ना माझं!

बुधवारी कोणाचं शिवराक नसतं, तेव्हा माझ्यावर उघड उघड बांगडे चढले, मंजुळामावशीच्या डोळ्यांदेखत. टॉर्टियाही माझ्यावरच. शांतामावशींनी घास घेतला, डोळे मिटले आणि एकदम उघडले. हळूहळू सगळ्या मंजुळामावशीकडे बघायला लागल्या.

"गो मंजुळा," त्या म्हणाल्या, "ही तर सोमवारची चव."

मंजुळामावशी खाली बघून खात होती. "खा गप," ती म्हणाली. "देवाक तुझ्याआधी कळलां."

शांतामावशींनी थाळी पुसून संपवली. मग रिकामी थाळी पुढे सरकवली. "कळलां मां? मगे आणखी दोन वाढ. आणि ह्या तव्याक माळ्यार चढयशी तर बघ!"

असा मी वाचलो. शिवराकपणा गेला, पण माळा टळला. सोमवारसाठी आता मावशीने बिडाचा नवा तवा आणून दिलाय. तो वर खुंटीवर असतो. माझ्याकडे बघतसुद्धा नाही.

तेव्हा मित्रांनो, एवढं करा. जुन्या तव्याला तेलाचं बोट लावत जा, घासताना कडा विसरू नका आणि माळ्यावर तर मुळीच टाकू नका. आणि कधी मांद्र्याला आलात तर त्या खुंटीवरच्याला सांगा, बाबा रे, जरा खाली पण बघ. रविवारची गर्दी कोणाला सांगून येत नाही!